निळ्या पडद्याची कैफियत

संगणकावर चाललेले काम एकाएकी नाहीसे होऊन त्या जागी निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांचा एक दुर्बोध मजकूर उमटावा, कळफलकावरील कोणत्याही कळीस यंत्राने दाद देऊ नये, आणि अखेर वीज तोडून सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागावा, हा प्रसंग गेल्या तीस वर्षांत ज्याच्यावर एकदाही ओढवला नाही असा संगणकधारक विरळा. लोकांनी त्या पडद्याला मृत्यूचे नाव दिले आणि सगळा राग मायक्रोसॉफ्ट कंपनीवर काढला. परंतु ज्यांनी तो पडदा रचला त्यांच्या लेखी ती यंत्राची कैफियत होती. आपल्या हातून काय घडले, कोणत्या ठिकाणी घडले आणि त्या क्षणी कोण कोण हजर होते, एवढी जबानी देऊन यंत्र स्वतःहून थांबत असे. कारण बिघडलेल्या अवस्थेत ते तसेच पुढे चालत राहिले असते, तर तबकडीवरचे शाबूत दप्तरही नासले असते. ही कैफियत कोणी वाचली, कोणी वाचली नाही, आणि ती न वाचताही यंत्रे दुरुस्त करण्याचा एक भरभक्कम धंदा आपल्याकडे कसा उभा राहिला, हा या लेखाचा विषय आहे.

थांबताना काही लिहून ठेवावे, ही बुद्धी यंत्रांना उपजत नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र चालू झाले तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रातला दोष हुडकणे म्हणजे बहुधा निकामी झालेली नळी हुडकणे, आणि ते काम डोळ्यांनी, हातांनी व मोजमापाच्या उपकरणांनी होई. पुढे यंत्र अडखळले की त्याच्या स्मृतीतील सगळे आकडे कागदावर छापून घ्यावेत आणि तो गठ्ठा पुढ्यात घेऊन जाणकारांनी रात्री जागवाव्यात, अशी वहिवाट मोठमोठ्या संगणकांच्या कचेऱ्यांतून पडली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स रचणाऱ्या डेनिस रिची यांच्याविषयी त्यांचे सहकारी टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण सांगितली आहे. मल्टिक्स या जुन्या प्रणालीसाठी आपण लिहीत होतो त्यातला निम्मा मजकूर केवळ चुकांतून सावरण्यासाठी होता, असे व्हॅन व्लेक म्हणाले, तेव्हा रिचींनी उत्तर दिले की, आम्ही ते सगळे गाळले. चूक झाली की यंत्र घाबरून थांबते आणि आम्ही ओसरीपलीकडच्या माणसाला ओरडून ते पुन्हा चालू करायला सांगतो. या उत्तरात विनोद असला तरी विचार पक्का आहे. ज्या यंत्राला स्वतःवर भरवसा उरला नाही त्याने गप्प बसावे, हे तत्त्व तेथे प्रथमच इतक्या निःसंकोचपणे मान्य झालेले दिसते.

निळ्या पडद्याचे खरे कुळ मात्र दुसऱ्या घराण्यातले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत डेव्हिड कटलर यांच्या पुढारपणाखाली सत्तरीच्या दशकात व्हीएमएस ही प्रणाली सिद्ध झाली आणि तिच्यात गंभीर विसंगती आढळताच यंत्र थांबवून वृत्तांत लिहिणारी ‘बगचेक’ नावाची व्यवस्था होती. कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले, आणि २७ जुलै १९९३ रोजी बाहेर पडलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्ये ही व्यवस्था आपल्या नावासकट येऊन बसली. पडद्याचा प्रत्यक्ष मजकूर जॉन व्हर्ट या अभियंत्याने लिहिला. रंगाच्या निवडीमागे भीती घालण्याचा वा शांत करण्याचा काही गहन हेतू असावा असे मानणाऱ्यांची निराशाच व्हावयाची. व्हर्ट ज्या मिप्स जातीच्या यंत्रावर काम करीत त्याचा आरंभीचा पडदा निळ्यावर पांढरा होता, ते ज्या संपादकात मजकूर लिहीत तोही तसाच होता, आणि म्हणून सवयीने हाही पडदा निळ्यावर पांढरा झाला.

त्या मूळ पडद्याकडे अंमळ जवळून पाहिले पाहिजे. वरच्या ओळीत तीन तारका, ‘स्टॉप’ हा शब्द, सोळा-अंकी मोजणीतला एक सांकेतिक आकडा आणि कंसात आणखी चार आकडे. त्याखाली बिघाडाचे नाव, अधोरेषांनी जोडलेल्या मोठ्या अक्षरांत. मग त्या वेळी स्मृतीत हजर असलेल्या एकूण एक ड्रायव्हरांची, म्हणजे उपकरणे हाताळणाऱ्या कार्यक्रमांची, दुहेरी यादी, प्रत्येकाच्या पत्त्यासह व तारखेच्या शिक्क्यासह. आणि तळाशी शेवटच्या काही पावलांचा माग दाखवणाऱ्या आकड्यांच्या रांगा. अनभिज्ञ माणसाला हा सगळा पसारा वैतागाचा वाटे, पण जाणत्याला पहिल्या दोन ओळींतच निम्मा उलगडा होत असे. उदाहरणार्थ, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हे सर्वांत कुप्रसिद्ध नाव घ्या. प्रणालीच्या गाभ्यात कामांना तातडीच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या कामाला क्षणभरही थांबण्याची मुभा नाही. आणि अशा वेळी एखाद्या ड्रायव्हरने स्मृतीत नसलेली, तबकडीवर ठेवलेली वस्तू मागितली, तर ती आणण्यासाठी थांबावे लागणार, आणि थांबण्यास तर मनाई. या कोंडीतून सुटका नसल्याने यंत्र कैफियत लिहून मोकळे होते. चूक बहुधा ड्रायव्हराची असते. पण ज्या रॅमच्या पट्टीवर पत्ता लिहिला ती पट्टीच सदोष असेल, तर निर्दोष ड्रायव्हरही चुकीच्या पत्त्यावर जाऊन धडकतो आणि नाव त्याचेच येते. या एका संदिग्धतेवर पुढे हजारो दुरुस्ती-दुकाने चालली.

घरोघरी गेलेला निळा पडदा याहून निराळ्या कुळातला होता, ही गोष्ट आजही पुष्कळांना ठाऊक नाही. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली एनटीच्या वंशातल्या नव्हेत. त्यांचा पडदा मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांच्या हातचा, तो संक्षिप्त असे, आणि कोणतीही कळ दाबून पुढे जाता येईल असे आश्वासन त्यावर दिलेले असे. ते आश्वासन कधी कधी खरेही ठरे. त्याहीपूर्वीच्या विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबल्यावर येणारा निळा मजकूर स्टीव्ह बाल्मर यांनी लिहिला होता. त्यावरून मृत्यूचा पडदा त्यांच्याच लेखणीतून उतरला असा बोभाटा २०१४ साली झाला आणि चेन यांना खुलासा करावा लागला. या घरगुती वंशाची सर्वांत जाहीर फजिती २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात झाली: बिल गेट्स यांच्या शेजारी उभे राहून ख्रिस कॅपोसेला यांनी विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला, तोच प्रचंड पडदा निळा झाला, सभागृह हसले, आणि गेट्स यांनी, म्हणूनच अजून आम्ही हा माल बाजारात आणलेला नाही, अशा अर्थाचे काही बोलून वेळ मारून नेली.

मुंबईत ही यंत्रे ज्या रस्त्यावरून घरोघरी गेली त्याची कहाणी वेगळी सांगण्याजोगी आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा, पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालेला, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिलेला हा रस्ता एके काळी मिनर्व्हा, नाझ, अप्सरा अशा चित्रपटगृहांसाठी आणि रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. ज्या गाळ्यांत रेडिओचे व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डरचे हेड मिळत, त्याच गाळ्यांत आयातीची बंधने सैल होत गेली तसतसे मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क येऊन बसले. जेटकिंगसारखी मूळची रेडिओ-संचांची कंपनी पुढे संगणकाच्या हार्डवेअरचे वर्ग चालवू लागली, यात त्या रस्त्याचा सारा वंशवृक्ष दिसतो. पुण्यात हेच स्थान बुधवार पेठेतल्या, पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीने पटकावले. कंपनीचा शिक्का असलेले यंत्र महाग. म्हणून पाच दुकानांतून पाच भाग घेऊन जुळवलेले ‘असेंबल’ यंत्र मध्यमवर्गाच्या घरात आले. त्या यंत्राचा मायबाप कोणी एक नव्हता. मदरबोर्ड एका देशाचा, रॅम भलत्याच नावाची, आणि विंडोजची तबकडी बहुधा शेजाऱ्याकडून उतरवून घेतलेली. तेव्हा बिघाड झाला की फिर्याद कोणाकडे नेणार? ती नेली जाई गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे.

या कारागिराची पद्धत कैफियतीच्या वाचनातून आलेली नव्हती. रेडिओ आणि दूरदर्शन-संच दुरुस्त करणाऱ्यांकडून त्याने ती उचलली होती. तो आधी कॅबिनेटची बाजू उघडी, ब्लोअर लावून वर्षभराची धूळ उडवी, आणि मग रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांची खिट्टी अंगठ्यांनी दाबून पट्टी बाहेर काढी. खिशातला शाळकरी खोडरबर घेऊन तो पट्टीच्या कडेचे सोनेरी दाते दोन्ही बाजूंनी सावकाश घाशी, फुंकर मारी, आणि दोन्ही खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी परत दाबून बसवी. एका बीपनंतर यंत्र चालू झाले की गिऱ्हाइकाला तो चमत्कारच वाटे. त्यात चमत्कार काही नव्हता. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, धातूच्या संपर्कबिंदूंवर पातळ पुट चढते, विद्युत्संकेत मधूनच तुटतो, स्मृतीतून चुकीचा आकडा येतो आणि कोणत्या तरी निरपराध ड्रायव्हराच्या नावाने पडदा निळा होतो. खोडरबराचा बारीक चुरा खाचेत राहतो आणि घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते म्हणून पुस्तकी अभियंते या प्रकाराला नाके मुरडतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु रबराची किंमत आणि त्याचा गुण यांचा ताळा मांडला, तर कारागिराला दोष देणे कठीण आहे.

घासूनही यंत्र ताळ्यावर आले नाही, तर अदलाबदलीचा क्रम सुरू होई. खात्रीची एक पट्टी दुरुस्तीवाल्याच्या बॅगेत कायम असे. ती लावून पाहावयाची, खाच बदलून पाहावयाची, साउंड कार्ड, मोडेम, सीडी ड्राइव्ह एकेक सोडवून यंत्र उघडेनागडे करावयाचे, आणि ज्या भागाच्या अनुपस्थितीत निळा पडदा येईनासा होई त्याच्यावर ठपका ठेवावयाचा. स्मृतीची रीतसर तपासणी करणारा मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ सालीच लिहिलेला होता, पण त्याला रात्रभर चालू ठेवावे लागे, आणि रात्रभर यंत्र दुकानात ठेवून घेण्याइतकी सवड ना दुकानदाराला होती ना लग्नपत्रिकांच्या हंगामातल्या डीटीपीवाल्याला. म्हणून अखेरचा उपाय अगोदरच योजला जाई. “काका, सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का?” हा प्रश्न कानी पडला की जाणत्या गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येई, कारण त्याचा अर्थ एवढाच असे की आता फॉरमॅट मारला जाणार. फॉरमॅटने दूषित ड्रायव्हर आणि व्हायरस यांचा एकदम निकाल लागत असल्यामुळे तो पुष्कळदा लागूही पडे. पण दोष रॅमचा वा तापलेल्या प्रोसेसरचा असेल, तर नवी विंडोज भरतानाच एखादी फाइल उतरेना किंवा मध्येच निळे दर्शन घडे, आणि तेव्हा कारागिराला कळे की अपराधी तबकडीवर नसून बोर्डावर आहे. हे ज्ञान त्याने कोणत्याही ग्रंथातून मिळवलेले नव्हते.

सन २००१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. महाराष्ट्रात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू होऊन तालुक्या-तालुक्यांत संगणकांच्या खोल्या उघडल्या, आणि विंडोज एक्सपी या प्रणालीने एनटीचा गाभा प्रथमच घरगुती यंत्रांत आणला. बिघाडाची संख्या त्यामुळे खरोखरच घटली, परंतु कैफियत वाचण्याची संधी मात्र आणखी दुरावली. मूळच्या ड्रायव्हर-यादीची हकालपट्टी होऊन तिच्या जागी नवे हार्डवेअर तपासा, बायोसमधील स्मृतीचे पर्याय बंद करा, एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा, असा सरसकट उपदेश छापला गेला. आणि त्याहून वाईट म्हणजे बिघाड होताच यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे ही सवय त्याला जन्मतः लावून दिलेली होती. परिणामी पडदा निमिषभर निळा चमके आणि गिऱ्हाईक तक्रार आणी ती “मशीन आपोआप रीस्टार्ट होतं” अशी. चाणाक्ष दुरुस्तीवाला आल्या आल्या माय कम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरून स्टार्टअप अँड रिकव्हरीतली ती एक खूण काढून टाकी, आणि मग पुढच्या खेपेस पडदा ठाण मांडून बसला की आकडा उतरवून घेई. “सेव्हन-बी आला” म्हणजे सुरुवातीची तबकडी सापडत नाही, केबल वा कंट्रोलर पाहा. “ट्वेंटी-फोर” म्हणजे फाइल-व्यवस्थेत घोटाळा, चेकडिस्क चालवा. “नाइन-सी” म्हणजे प्रोसेसरनेच तक्रार केली आहे, पंखा आणि वाळलेली थर्मल पेस्ट पाहा. ही चार-सहा आकड्यांची बाराखडी पाठ असणारा माणूस त्या काळी गल्लीत तज्ज्ञ म्हणून ओळखला जाई, आणि ते मानपत्र गैर होते असे आम्हांस वाटत नाही.

विजेचा हात या साऱ्यात किती होता, हे आपल्याकडे सांगावयास नको. भारनियमनाच्या वर्षांत दिवसाकाठी अनेकदा वीज जाई-येई, घरात अर्थिंग नावापुरते असे, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत, आणि पेटीवर छापलेली शक्ती प्रत्यक्षात न देणारे स्वस्त एसएमपीएस या धक्क्यांना तोंड देत. त्याच सुमारास मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरांची, एक जगद्व्यापी साथ आली. सदोष द्रावामुळे त्यांची माथी फुगत, फुटत आणि तांबूस चिकट पदार्थ बाहेर येई. पडद्यावर दर खेपेस निराळे नाव उमटे, हेच या रोगाचे लक्षण. लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या रेडिओवाल्यांना येथे पुन्हा बरे दिवस आले, कारण फुगलेला कपॅसिटर ओळखून डाग देऊन बदलणे हे त्यांचे वडिलोपार्जित काम. ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसले तरी अडत नव्हते.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने कैफियतीचे वाचन आपल्या कचेरीत नेले होते. यंत्र थांबताना स्मृतीचा सारांश मिनीडंप नावाच्या फोल्डरात टाकी आणि पुढे मालकाच्या संमतीने तो कंपनीकडे रवाना होई. यातून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे अपराध ढिगांनी उघडकीस आले. विंडोज व्हिस्टाविरुद्धच्या एका अमेरिकी दाव्यात बाहेर आलेल्या कंपनीच्या कागदपत्रांवरून दिसते की २००७ मधल्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या खात्यावर सुमारे १८ टक्के. व्हिस्टामध्ये चित्र-ड्रायव्हरांचा बराचसा भाग गाभ्याबाहेर काढण्यात आला आणि ६४-बिटी आवृत्तीत सही नसलेल्या ड्रायव्हराला गाभ्यात प्रवेश बंद झाला. निळा पडदा दुर्मीळ होण्याचे श्रेय द्यावयाचे तर या दोन फर्मानांना द्यावे लागेल. डंप उघडून विनडीबीजी या साधनात ‘अॅनलाइझ’ची आज्ञा दिली की संशयिताचे नाव कोणालाही मिळे, आणि ज्या थोड्या लोकांनी हे शिकून घेतले त्यांना फॉरमॅटचा आधार फारसा लागला नाही. बाकीच्यांसाठी २०१२ च्या विंडोज ८ ने पडद्यावर एक रडका चेहरा आणून बसवला आणि २०१६ मध्ये त्याशेजारी क्यूआर कोड आला. आमच्या मते हा पडदा सर्वांत सुबक आणि सर्वांत निरुपयोगी होय.

कैफियतीचे महत्त्व जगाला पुन्हा पटले ते १९ जुलै २०२४ रोजी. त्या दिवशी आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या गाभ्यात बसणाऱ्या कार्यक्रमासाठी एक छोटी फाइल सर्वत्र धाडली. तिच्या रचनेप्रमाणे एकवीस मूल्ये अपेक्षित होती, कार्यक्रमापाशी वीसच होती, आणि एकविसावे शोधण्यासाठी तो स्मृतीत हद्दीबाहेर गेला. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली, तोवर सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली होती. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय दूरवरून करता येईना, कारण यंत्र जागे होताच पुन्हा पडत असे. तेव्हा प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवून, सेफ मोडमध्ये शिरून, नावात २९१ हा आकडा असलेली ती एक फाइल पुसावी लागली, आणि तबकडीला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याआधी ४८ अंकांची किल्ली शोधावी लागली. काही यंत्रे पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू केल्यावर सावरत, अशी सूचना खुद्द मायक्रोसॉफ्टने दिली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला या सूचनेत नवे काही वाटले नसावे.

त्यानंतर सुरक्षा-कार्यक्रमांना गाभ्याबाहेर काढण्याचा विचार मायक्रोसॉफ्टने जाहीर केला, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ च्या सुधारणेत पडद्याचा रंग काळा झाला. रडका चेहरा गेला, क्यूआर कोडही गेला. नव्या पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत फक्त दोन गोष्टी उरल्या आहेत, थांबण्याचा सांकेतिक आकडा आणि ज्याच्यामुळे थांबावे लागले त्या ड्रायव्हराचे नाव. म्हणजे जॉन व्हर्ट यांच्या मूळ मजकुरातील ज्या ओळींवर जाणत्याची नजर प्रथम जात असे, नेमक्या त्याच.